फाटकाबाहेर गेलेला बाण

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पांच्या घरातल्या बायका डाळमिलमध्ये जाणार, ही बातमी औसा रोडवरच्या त्या गल्लीत दूधवाल्याच्याही आधी फिरली. नीलम्माचं तर सकाळपासून कशातच चित्त नव्हतं. चहात साखर दोनदा पडली. पूजेला बसलेल्या नवऱ्यापुढं विभूतीऐवजी हळदीची डबी गेली. इरकल लुगडं काढलं, ठेवलं, दुसरं काढलं, आणि शेवटी पहिलंच नेसून ती दारात येऊन उभी राहिली. मिल घरचीच, पण उभ्या संसारात ती तिथं गेली ती फक्त दसऱ्याला, यंत्राला कुंकू लावण्यापुरती. एरवी मिल म्हणजे नवऱ्याच्या धोतराला चिकटून घरी येणारी तुरीची धूळ.

“अव्वा, लग्नाला निघाल्यासारखं कामून करून राहिल्या?” धाकटी सून शिल्पा रिक्षापाशी हसत उभी होती.

“माझ्या लग्नाला बी एवढी हौस नव्हती गं मला,” नीलम्मा म्हणाली. “तवा तर रडत निघाले होते.”

थोरली सून पार्वतम्मा कालच्या आंबिलीचं मडकं कडेवर घेऊन बाहेर आली. ती काही हसली नाही. “करा हौस. उद्या घराचे दोन तुकडे व्हायचे हायेत, तवा कळंल.”

तिचं काही चुकत नव्हतं. काल शेतात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जीची भाजी आणि आंबील यांची पंगत बसलेली असताना धाकट्या धोंडप्पानं तो शब्द तोंडातून काढला होता. “मला वेगळं करा.” नांदेडचं दुकान धोंडप्पाकडे, लातूरची मिल थोरल्या गुरुपादप्पाकडे. लातूरहून डाळ वेळेवर येत नाही, गिऱ्हाईक तोंडावर बोलतं, हे धोंडप्पाचं गाऱ्हाणं. नांदेडवाल्यांना धीर नाही आणि हमाल कामचुकार, हे गुरुपादप्पाचं. दोघंही वर्षभर फोनवर भांडत होते, पण सणाच्या दिवशी, आईच्या हातची भाकरी ताटात असताना हे निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. गुरुपादप्पानं भाकरी टाकली आणि मिलचा निम्मा पत्रा काढून ने म्हणाला.

तेव्हा मध्ये पडली ती शिल्पा, धोंडप्पाची बायको. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात तिची नोकरी. केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत माणूस कुठं कुठं अडकतो ते हुडकायचं, आणि ती गाठ सोडवायची, हे तिचं काम. गेले काही रविवार ती लातूरला येऊन मिलमध्ये प्रत्येकाला छळत होती. पोतं इथून कुठं जातं? तिथं का थांबतं? कोण सोडतं? काल ती म्हणाली, “उद्याचा एक दिवस मला द्या. उद्या दिवस मावळायच्या आत नांदेडची गाडी भरून निघाली नाही, तर परवा बसून वाटणीचं बोला. मी मध्ये येणार नाही.”

ईश्वरप्पा मिशीत हसले होते. “देऊ की. सिनेमाच्या ऐवजी मिल बघू.”

म्हणून ही वरात. पण हौसेबरोबर नीलम्मापाशी आणखी एक गुपित होतं, आणि ते घरातल्या दोनच माणसांना ठाऊक होतं.

धान्याच्या धंद्यात ईश्वरप्पांचा दात म्हणजे मोहोर. ट्रक आला की पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून मूठभर तूर काढायची, एक दाणा दाढेखाली धरायचा. कट् करून फुटला तर माल वाळलेला, आत घ्या. चेपला तर ओला, बाजूला काढा. लोह्यापासून निलंग्यापर्यंतचे व्यापारी त्या आवाजाला मान द्यायचे. आणि दोन वर्षांमागं तेच दात गेले. नांदेडला डोळे तपासायला जातो म्हणून सांगून नवरा-बायको गेले आणि नवरा कवळी बसवून आला. कवळीनं भाकरी चावते, तूरसुद्धा फुटते, पण दाण्यातली ओल काही कळत नाही. दात गेलेला डाळवाला म्हणजे सूर गेलेला भजनी, लोक हसतील, ही ईश्वरप्पांची धास्ती.

मग त्यांनी तोड काढली. दुपारी आलेल्या मालाची मूठ रुमालात बांधायची, “सकाळी सांगतो” म्हणायचं आणि रुमाल घरी आणायचा. दिवेलागणीला चहाबरोबर तो रुमाल सुटायचा नीलम्मापुढं. तिचे दात अजून ऊस सोलणारे. ती एकेक दाणा दाढेखाली धरायची, डोळे मिटायची, सांगायची. नवरा निमूट ऐकायचा. मिलमध्ये सगळ्यांना वाटायचं, अण्णा दाणे लिंगापुढं ठेवून कौल घेतात.

नीलम्मानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला? ज्या माणसानं उभ्या जन्मात तिला भाजी कोणती करू एवढंच विचारू दिलं, तो आता रोज मांडी घालून तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. रुमाल सुटला की त्या घरात तासभर नीलम्माचं राज्य असायचं, आणि ते तिला फार आवडायचं.

मिलच्या फाटकात रिक्षा शिरेचना. आत जायच्या बोळात तुरीचे ट्रक एकामागं एक उभे होते, लोह्याचा, शिरूर अनंतपाळचा, औशाचे दोन टेम्पो. बाहेर रस्त्याकडेला धोंडप्पानं नांदेडहून आणलेला रिकामा ट्रक, आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर पंचा तोंडावर घेऊन घोरत होता.

“बघा,” धोंडप्पा म्हणाला, “माझी गाडी रस्त्यावर. अन् डाळ तिकडं गोदामात भरून पडली.”

“मग मी काय ट्रक डोक्यावरून नेऊ का?” गुरुपादप्पा फाटकातूनच ओरडला.

“भाऊजी, तुम्ही दोघं आज बोलायचं नाही,” शिल्पा मधून चालत म्हणाली. “आज फक्त चालायचं.”

तूर वाळवायच्या फरशीवर तिनं पहाटेच येऊन चुना टाकला होता. कबड्डीच्या मैदानासारख्या रेषा, चौकोन, बाण. फाटक, वजनकाटा, तपासणी, उतराई, चाळणी, तेलपाणी, वाळवण, भरडा, भरणी. आणि पार टोकाला भलामोठा गोल, त्यात नांदेड. नीलम्मा बघतच राहिली. एवढी वर्षं नवऱ्याच्या, मुलांच्या बोलण्यात तुकड्या-तुकड्यानं कानावर पडलेली मिल आज तिच्यापुढं सबंध उताणी पडली होती. तिला वाटलं, अरे, एवढंच होय हे! हे तर कुरडयांपेक्षा सोपं आहे.

“प्रत्येकानं तुरीचं पोतं व्हायचं,” शिल्पानं फर्मावलं. “पोतं जिथं चालतं तिथं चाला, जिथं थांबतं तिथं थांबा. मी हाक दिल्याशिवाय पुढं पाऊल नाही. भाऊजी, पहिले तुम्ही.”

“मी? पोतं?” गुरुपादप्पानं पोटावरून हात फिरवला.

“दादा, फाटायचं न्हाई बघा मधीच,” हमालांचा मुकादम साहेबराव म्हणाला, “तुमाला शिवायला आमच्याकडं एवढा मोठा दाभन न्हाई.”

हमाल हसले, पार्वतम्मासुद्धा पदराआड हसली, आणि मिलच्या मालकाचा थोरला मुलगा तुरीचं पोतं होऊन फाटकाच्या चौकोनातून काट्यावर, काट्यावरून तपासणीच्या चौकोनात गेला. तिथं लिंबाखाली ईश्वरप्पांची वेताची खुर्ची होती. खुर्चीत स्वतः ईश्वरप्पा, गुडघ्यावर तो रुमाल.

“थांबा,” शिल्पा म्हणाली.

मागून धोंडप्पा गेला. तोही थांबला. मग पार्वतम्मा, मग ड्रायव्हरला उठवून आणलं, मग दोन हमाल. सगळे त्याच चौकोनात. चौकोन भरला, माणसं रेषेबाहेर लोंबायला लागली, कोणाचा पाय कोणाच्या चपलेवर. पुढचे सगळे चौकोन ओस. उतराईच्या चौकोनात साहेबराव आणि त्याची माणसं कामाविना तंबाखू मळत बसली. पलीकडं नांदेडच्या गोलात कुत्रं येऊन बसलं.

ऊन चढलं. शिल्पा काही हाक देईना.

“अगं, किती वेळ?” गुरुपादप्पाला घाम फुटला होता.

“पोतं सकाळपर्यंत थांबतं, भाऊजी.”

धोंडप्पानं उतराईच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग भावाकडे. “दादा, तू रोज असा अडकून पडतोस?”

“मग काय सांगत होतो तुला? हमाल बसून राहतेत म्हनून मी त्यांना शिव्या घालतो...”

“आन आम्ही बसून राहतो, कारन माल सुटतच न्हाई!” साहेबराव उठून उभा राहिला. “दादा, वरीसभर शिव्या खाल्ल्या राव फुकटच्या!”

“अन् मी तुम्हा सगळ्यांना,” धोंडप्पा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. वर्षभर फोनवर एकमेकांचे बाप काढणारे दोघे भाऊ (बाप एकच असल्यामुळे त्यात तसा अर्थ नव्हता) खांद्याला खांदा लावून एका चौकोनात घाम पुसत उभे होते, आणि नीलम्माला ते लहानपणी एका झब्ल्यात कोंबलेले असायचे तसे दिसले. तिला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात शिल्पा खाली बसली, चुन्याची मूठ भरली आणि तपासणीच्या चौकोनातून एक नवा बाण ओढायला लागली. बाण बोळातून गेला, फाटकातून बाहेर गेला, रस्त्यावर जाऊन संपला.

नीलम्मानं नवऱ्याच्या गुडघ्यावरच्या रुमालाकडे पाहिलं.

“आधी अण्णा जागेवर निकाल द्यायचे,” शिल्पा उभी राहत म्हणाली. “सगळे सांगतात, ट्रक तासाच्या आत सुटायचा. दोन वर्षांपासून रुमाल घरी जातो अन् सकाळी परत येतो. तोवर ट्रक बोळात, बोळ बंद, नांदेडची गाडी रस्त्यावर. मिलची सगळी गाठ या बाणात आहे. पण फाटकाबाहेर काय होतं, ते मला कुणी सांगू शकलं नाही. बाणाला टोकच नाही.”

“लिंगापुढं ठेवतात,” गुरुपादप्पा घाईनं म्हणाला. “देवाचा कौल हाय त्यो. त्याला हात लावू नको तू.”

“देवाला शंभर टक्के बरोबर उत्तर येतं, भाऊजी. मी मिलच्या मागच्या सगळ्या वह्या तपासल्या, आत घेतलेला एकही माल ओला निघाला नाही. म्हणून तर विचारते.”

शंभर टक्के! एवढ्या धास्तीतही नीलम्माच्या छातीत काहीतरी उकळी फुटल्यासारखं झालं. दोन वर्षांत एकदासुद्धा चूक नाही. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण?

ईश्वरप्पा खुर्चीतून उठले. चेहरा लालबुंद.

“सूनबाई, माझ्या दातावर शंका?”

“दातावर नाही, अण्णा. मला फक्त...”

“मग लावा पैज. गुरुपाद, ते मीटर आन.”

मीटर म्हणजे ओल मोजायचं यंत्र. गुरुपादप्पानं कधीकाळी हौसेनं आणलेलं. वडलांचा दात असताना ते वापरणं म्हणजे वडलांच्या तोंडावर नाही म्हणणं, म्हणून त्यानं ते कपाटात ठेवलं. आणि यंत्र आहे म्हटल्यावर दर दसऱ्याला त्याची पूजा मात्र न चुकता व्हायची. आताही ते बाहेर निघालं ते अंगभर कुंकू आणि वाळका झेंडू घेऊन. आतला सेल मेलेला. साहेबरावानं ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला, तेव्हा मीटरनं आयुष्यात पहिल्यांदा डोळा उघडला.

“लोह्याच्या ट्रकातली मूठ आना,” ईश्वरप्पा म्हणाले. “मीटर बी बोलू दे, मी बी बोलतो. मी चुकलो तर खुर्ची सोडली. मी बरोबर निघालो तर हा चुना झाडायचा, अन् धोंड्याला त्याचा वाटा घेऊन जाऊ दे नांदेडला. रोजची कटकट संपू दे.”

परखीतून तूर आली, ईश्वरप्पांच्या तळहातावर पडली. त्यांनी एक दाणा उचलला आणि तोंडाकडे नेता नेता नीलम्माकडे पाहिलं.

ती नजर तिच्या ओळखीची होती. रोज दिवेलागणीला रुमालाची गाठ सोडताना असते तीच. सांग, काय हाय?

हा माणूस कशाच्या जोरावर पैज लावून बसला, ते तिला तेव्हा कळलं. तिच्याच जोरावर! ती डोळ्यानं खुणावेल, मान हलवेल, काहीतरी करील. पण न चावता ती तरी काय सांगणार, कपाळ? आणि समजा खूण केली, तो जिंकला. मग चुना झाडला जाणार, धोंडप्पा वाटा घेऊन जाणार. हरला, तर भर अंगणात हसं. आणि खरं बोललं, तर? तर नवऱ्याची इज्जत जाईल, ही भीती होतीच. पण तिच्या मनाला झोंबलं ते वेगळंच. खरं बोललं तर रुमाल बंद. दिवेलागणीला तो मांडी घालून समोर बसणार नाही. तेवढ्यासाठी आपण दोन वर्षं ट्रक अडवले, पोरांना भांडायला लावलं, हे तिला लख्ख दिसलं आणि तरीसुद्धा तो तास सोडवेना. बाई गं, किती हावरी तू, ती स्वतःला म्हणाली.

शेजारी धोंडप्पा उभा होता, आता चौकोनातून बाहेर. भावापासून चार हात लांब.

“थांबा ओ,” नीलम्मा मोठ्यानं म्हणाली. “मी राहिले की. मला बी पोतं व्हायचंय.”

“अव्वा, आता कशाला?” पार्वतम्मा कुजबुजली.

“बाकी सगळे झाले. मीच कामून राहू?”

तिनं पदर खोचला आणि निघाली. फाटकाच्या चौकोनातून काट्यावर, काट्यावरून तपासणीत. तिथं नवऱ्यापुढं ती क्षणभर थांबली, पण त्याच्याकडे न बघता बाणावर पाय ठेवून चालू लागली. बोळातून, ट्रकांच्या कडेनं, फाटकाबाहेर. सगळे माना वळवून बघत राहिले. बाण जिथं संपत होता तिथं, भर औसा रोडवर, नीलम्मा वळून उभी राहिली.

“शिल्पा!” तिनं हाक मारली. “हे टोक. हितं मी हाय.”

मग ती तशीच परत आली, ईश्वरप्पांच्या तळहातावरचा दाणा उचलला आणि दाढेखाली धरला. डोळे मिटले.

“चेपली,” ती म्हणाली. “ओली हाय. वेगळी वाळवा.”

शिल्पानं मीटरमध्ये तूर ओतली. आकडा बघून तिनं नुसती मान हलवली. गुरुपादप्पानं स्वतः धावत जाऊन शिरूरच्या ट्रकातली मूठ आणली. या वेळी आवाज सगळ्यांनी ऐकला. कट्!

“कोरडी. घ्या आत.”

मीटरही तेच म्हणालं.

“अव्वा?” गुरुपादप्पाचं तोंड उघडंच राहिलं. “म्हनजे... देव...?”

ईश्वरप्पांची मान खाली होती. एवढ्या वर्षांत या माणसाला तिनं असं खाली बघताना पाहिलं नव्हतं.

“सांगून टाकलंस,” ते हळूच म्हणाले.

“मी कुठं सांगितलं? मी नुसतं चावलं.”

ईश्वरप्पांच्या मिशा हलल्या. आधी तिला वाटलं राग आहे. मग ते थरथरायला लागले, खांदे हलले, आणि ते हसत आहेत हे तिच्या ध्यानात आलं. त्यांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली, दोन वर्षं दाणे वाहणाऱ्या त्या रुमालावर ठेवली आणि सगळ्यांपुढं धरली.

“ह्यो बघा,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले, “देवाचा कौल!”

पहिला फुटला तो साहेबराव. मग हमाल, मग ड्रायव्हर, मग घरचे. पार्वतम्मा हसता हसता आंबिलीच्या मडक्याशेजारी खालीच बसली. “अण्णा, दोन वर्षं मी तुम्हाला सुपारी कातरून देऊन राहिले! तुम्ही करत काय होता तिचं?”

“ही खात होती,” ईश्वरप्पांनी बायकोकडे बोट केलं.

गुरुपादप्पानं वेताची खुर्ची उचलून नीलम्मापुढं ठेवली. “अव्वा, बस. आजपासून तपासनी तुझी.”

खुर्ची बघून क्षणभर तिचा जीव खुलला, खोटं कशाला बोला. लिंबाची सावली, समोर सगळी मिल, येणारा प्रत्येक ट्रक आपल्यापुढं थांबणार. थांबणार!

“नगं,” ती म्हणाली. “मी बसले की माझ्यापुढं रांग. चौकोन तोच, पोतं बी तिथंच. माणूस तेवढा बदलला. ते मीटर फाटकावर ठेवा.”

शिल्पानं धावत येऊन तिला मिठी मारली. चुन्याचे दोन पांढरे पंजे इरकलीवर उमटले. “अव्वा, हे समजावायला मला दवाखान्यात डॉक्टरांपुढं आठवडे जातात!”

“पर मीटर धरनार कोन?” साहेबराव म्हणाला.

“मी,” ईश्वरप्पांनी कवळी परत बसवत सांगितलं. “खुर्ची सोडली म्हनलं, मिल सोडली न्हाई म्हनलं.”

मग जी धांदल उडाली! ईश्वरप्पा चष्मा लावून फाटकात उभे राहिले आणि लिलाव पुकारल्यासारखे आकडे ओरडायला लागले. शिरूरचा ट्रक सरळ उतराईला लागला. लोह्याच्या मालकाशी गुरुपादप्पानं उभ्याउभ्या बोलणी केली आणि तो माल वेगळ्या फरशीवर पसरला. औशाचे टेम्पो मागोमाग. हमालांच्या पाठीवर पोती अशी पळत होती की नीलम्माला आवाज द्यावासा वाटला, अरे दमानं! तिनं आणि पार्वतम्मानं आंबील वाटली, ग्लास कमी पडले तेव्हा मापाच्या डब्यांतून दिली. ईश्वरप्पांना तर एवढा चेव चढला की त्यांनी पाण्याचा टँकरही अडवला आणि याची ओल बघायची का म्हणून विचारलं. बोळ मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी त्या बोळाची जमीन दिसली.

“आन तुझी गाडी!” गुरुपादप्पानं धाकट्याला आरोळी दिली.

नांदेडची गाडी आत आली. दोघा भावांनी शर्ट काढून ठेवले आणि हमालांबरोबर स्वतः पोती लावायला वर चढले. “धोंड्या, आडवं लाव, आडवं.” “लावतोय की, दादा. नांदेडला काय मी झोपा काढतो?” भांडण तेच, पण आता त्याला हसण्याची फोडणी होती. उन्हं लिंबाच्या शेंड्यावर गेली तेव्हा ताडपत्री बांधून ट्रक फाटकाबाहेर पडला. धोंडप्पा फोनवर ओरडत होता, “निघाली! हाव, आजच निघाली! सकाळी दुकान उघडून ठेवा!”

पार्वतम्मा त्याच्यापुढं उभी राहिली. “भावजी, वाटणीचं बोलायला उद्या किती वाजता बसायचं?”

“वहिनी,” धोंडप्पा घाम पुसत म्हणाला, “कालची भज्जी उरली का, तेवढं सांगा.”

घरी आल्यावर नीलम्मानं दिवा लावला, चहा टाकला, आणि तिचे हात एकदम रिकामे झाले. अंगणात मुलं-सुना अजून दिवसाच्या गोष्टी उगाळत होत्या. हसण्याचे लोट आत येत होते. तिलाही हसू येत होतं, पण चुलीपुढची ती जागा, जिथं रोज रुमाल सुटायचा, तिथं नजर गेली की आत कुठंतरी खड्डा पडत होता. चांगलं केलं मी, तिनं स्वतःला बजावलं. घर राहिलं, पोरं राहिली. रडायचं काय त्यात? पण डोळ्यांना कोण सांगणार!

ईश्वरप्पा आत आले. नेहमीसारखे मांडी घालून बसले. चहा घेतला नाही. धोतराच्या सोग्यातून त्यांनी रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत मूठभर तूर.

नीलम्मा बघत राहिली. “कोणती ही?”

“लोह्याची.”

“ती तर उतरली. वाळत बी पडली.”

“हाव.”

“मग आता बघून काय करायचं?”

“करायचं काय न्हाई,” ईश्वरप्पा म्हणाले. त्यांनी एक दाणा उचलून तिच्यापुढं धरला. “सांग.”

तिनं दाणा दाढेखाली धरला आणि डोळे मिटले. दाणा चेपला, सकाळी चेपला होता तसाच. नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता, हे मिटल्या डोळ्यांनी तिला दिसत होतं. तिनं पुष्कळ वेळ घेतला.

“सकाळी सांगते,” ती म्हणाली.